कोबेचा निरोपाचा हंगाम: रसेल, रँडल, क्लार्कसनच्या वाट्याला काय आलं?

डबल_ड्रिबल

२०१५-१६ च्या, म्हणजे कोबे ब्रायंटच्या शेवटच्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) हंगामातल्या लॉस एंजेलिस लेकर्सचा विषय इथे अधूनमधून निघतो, पण गाडी दर वेळी त्याच्या शेवटच्या सामन्यातल्या ६० गुणांपाशी जाऊन थांबते. १३ एप्रिल २०१६, समोर यूटा जॅझ, ५० शॉट, २२ बास्केट, १०१-९६ असा विजय. आपल्याकडे तेव्हा १४ एप्रिलची सकाळ होती, आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांनी तो सामना लाइव्ह बघितला असेल. मीही बघितला, घसा बसेपर्यंत ओरडलो. पण आज लिहायचंय ते त्याआधीच्या ८१ सामन्यांबद्दल. (कोबेने २००६ मध्ये एका सामन्यात ८१ गुण केले होते, पण इथे हा आकडा योगायोगाने आलाय, भक्तांनी हुरळून जाऊ नये.)

त्या वर्षी लेकर्सकडे कोण होतं बघा. डीअँजेलो रसेल, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला १९ वर्षांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा. ज्युलियस रँडल, २०१४ चा सातवा, ज्याचा पाय पहिल्याच सामन्यात मोडला आणि अख्खं वर्ष वाया गेलं. म्हणजे तोही जवळपास नवखाच. जॉर्डन क्लार्कसन, ४६ व्या क्रमांकावर मिळालेला आणि तरीही आदल्या वर्षीच्या सर्वोत्तम रुकी (पहिल्या वर्षाच्या खेळाडूंच्या) संघात बसलेला. लॅरी नॅन्स ज्युनियर, २७ वा. आदल्या हंगामात २१ विजय आणि ६१ पराभव. नवी बांधणी सुरू करायला याहून योग्य वेळ कुठली?

आणि या सगळ्यांच्या मधोमध ३७ वर्षांचा कोबे. २०१३ ला अकिलीस, मग गुडघा, मग खांदा. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) ७ कोटी डॉलरची आणि त्यातले अडीच कोटी एकट्याचे. सामन्याला सरासरी १७ च्या आसपास शॉट आणि त्यांतले आत जाणारे ३५.८ टक्के. २९ नोव्हेंबरला त्याने कविता लिहून निवृत्ती जाहीर केली. तिथून पुढे प्रत्येक शहरात लोक त्याला बघायला येऊ लागले, आणि लेकर्सचा हंगाम म्हणजे फिरता सत्कार समारंभ झाला. हिशेब १७-६५. लेकर्सच्या इतिहासातला सर्वांत वाईट.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या खेळाडूला चुकायला जागा लागते, आणि तीही चौथ्या क्वार्टरमध्ये. पहिल्या क्वार्टरमध्ये चुकून कुणी काही शिकत नाही. हे कोबेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. १२ मे १९९७, यूटामध्येच, प्लेऑफ. शॅक फाउल आउट, हॉरी बाहेर काढलेला, एक अनुभवी गार्ड मनगटाच्या दुखापतीमुळे खेळतच नव्हता. १८ वर्षांच्या कोबेने शेवटच्या मिनिटांत चार शॉट घेतले आणि चारही एअरबॉल. रिंगला शिवलेसुद्धा नाहीत. लेकर्सचा हंगाम तिथेच संपला. पण कोच डेल हॅरिसने चेंडू पोराच्या हातातून काढून घेतला नव्हता.

तो दुखापतग्रस्त अनुभवी गार्ड म्हणजे बायरन स्कॉट. २०१५ मध्ये लेकर्सचा कोच तोच. आणि वीसेक सामने होताच त्याने रसेल आणि रँडल दोघांनाही पहिल्या पाचातून काढून बेंचवर बसवलं. मिनेसोटात रसेल बेंचवरून येऊन २३ गुण करतो, ओव्हरटाइममधला शेवटचा शॉट हुकतो, संघ एका गुणाने हरतो, आणि सामन्यानंतर कोच पत्रकारांपुढे त्याच्यावर नाराजी काढतो. कोबेला चार हुकलेले माफ होते. रसेलला एक नाही.

मतं येऊ द्या. फक्त "कोबेला नावं ठेवू नका" एवढाच प्रतिसाद नको.

तिसरा_टाइमआउट

कोबेला नावं ठेवू नका.

(गंमत केली हो. वाचतोय.)

नागपूरचा_सिक्स्थ_मॅन

धागा झकास, निष्कर्ष नामंजूर. राजेहो, जरा हिशेब बघा.

२०१२ मध्ये स्टीव्ह नॅशला आणताना लेकर्सनी जे ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचे हक्क) दिले, त्यातलं एक फिनिक्समार्गे फिलाडेल्फियाकडे गेलं होतं. २०१६ साठी अट अशी, की पिक पहिल्या तिनात आलं तरच ते लेकर्सकडे राहील. चौथं आलं की गेलं. जितकं जास्त हरावं तितकी वरच्या पिकची शक्यता जास्त, म्हणजे त्या वर्षी जिंकलेला प्रत्येक सामना भविष्यातून वजा होत होता. १७-६५ मुळे शेवटून दुसरा क्रमांक, त्यामुळे पिक टिकण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास. ते टिकलं आणि ब्रँडन इन्ग्रम आला.

आता सांगा, रसेलला चौथ्या क्वार्टरमध्ये मोकळं सोडून २८ सामने जिंकले असते तर काय मिळालं असतं? शेवटून चौथा क्रमांक आणि बहुधा रिकामे हात. लॉस एंजेलिसचं पब्लिक हरणारा संघ बघायला एरवी येत नाही. कोबेच्या निरोपाने त्या हरण्याला इभ्रत दिली. तिकिटं खपली, पिक वाचलं, पोरांवर कुणी डाफरलं नाही, कारण कॅमेरे सगळे म्हाताऱ्यावर. मॅनेजमेंटच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

यातला एक विनोद बघा. निवृत्ती जाहीर केल्यावर कोबेचा बाहेरगावचा पहिलाच सामना फिलाडेल्फियात, म्हणजे त्याच्या जन्मगावी. सिक्सर्स, म्हणजे फिलाडेल्फियाचा संघ, तोवर ०-१८. कोबे २६ पैकी ७, आणि फिलाडेल्फियाला हंगामातला पहिला विजय मिळाला. ज्यांना लेकर्सनी जिंकायला हवं होतं, त्यांनीच लेकर्सना हरवून स्वतःचा तोटा थोडा वाढवला.

सॅन_होजेची_सई

मी तेव्हा नुकतीच इकडे आले होते, घरात सगळे वॉरियर्सवाले. त्यामुळे ६ मार्च २०१६ विसरणं शक्य नाही. रविवारची दुपार, वॉरियर्स ५५-५, लेकर्स १२-५१. आम्ही बघायला बसलो ते स्टेफन करी किती थ्री (लांबून तीन गुणांचे शॉट) मारतो हे मोजायला. आणि लेकर्सनी ११२-९५ ने झोडपलं!

त्या सामन्यात क्लार्कसनचे २५ होते, रसेलचे २१. कोबेचे १२. मला वाटतं डबल_ड्रिबल यांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. तीच पोरं, तोच कोच, तोच कोबे, फक्त चेंडू वेगळ्या हातांत. त्या दिवशी रसेल आणि क्लार्कसन इतके बिनधास्त खेळले की माझ्या वॉरियर्सभक्त नवऱ्याने दुसऱ्या हाफमध्ये भांडी घासायला घेतली. एरवी कधी घासत नाही.

नागपूरचा_सिक्स्थ_मॅन

सईताई, ८२ पैकी एक सामना म्हणजे पुरावा होत नाही. वॉरियर्सचे त्या दिवशी थ्री पडतच नव्हते. असे दिवस येतात.

सॅन_होजेची_सई

मग ६० गुणांचा सामनासुद्धा ८२ पैकी एकच ना? त्यावर आख्खं जग बोलतं ते चालतं.

डबल_ड्रिबल

पिकचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो हरण्याचा मुद्दा झाला. रसेलला चुकू दिलं असतं तरी लेकर्स हरलेच असते! नवखे पोरगे शेवटची पाच मिनिटं सांभाळतात तेव्हा संघ भरपूर हरतो. हरून पिक मिळवायचं होतं, तर हरता हरता पोरं तयार करायला कुणी अडवलं होतं? लेकर्स हरले आणि वर शेवटचे शॉटही ज्याला पुढच्या वर्षी खेळायचंच नव्हतं त्याच्या हातून गेले.

वानखेडे_नॉर्थ_स्टँड

बास्केटबॉल फारसं कळत नाही, पण निरोप म्हटलं की नोव्हेंबर २०१३ आठवणारच. सचिनच्या शेवटच्या दोन कसोट्या घरच्या मैदानांवर खेळवल्या, दोनशेवी वानखेडेवर. तेव्हाही ओरड झालीच की मालिका एका माणसासाठी आखली. पण त्याच मालिकेत रोहित शर्माने पदार्पण केलं, ईडनवर १७७ आणि वानखेडेवर नाबाद १११. पुजाराचंही शतक झालं. सचिन ७४ वर गेला. म्हाताऱ्याचा सत्कारही झाला आणि पोरांची घडीही बसली. मग लेकर्सना काय अडचण होती?

डबल_ड्रिबल

मस्त उदाहरण, आणि फरकही त्यातच सापडतो. सचिन खेळपट्टीवर असताना पुजाराही समोरच्या टोकाला खेळतोच आहे. सचिन बाद झाला की रोहित येतो. एकाने किती चेंडू खेळले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाहीत. (झालेच तर कसोटीत उलट दमलेले गोलंदाज मिळतात.)

बास्केटबॉलमध्ये चेंडू एक आणि २४ सेकंदांचं घड्याळ. कोबेने २० सेकंद चेंडू धरून शॉट मारला की रसेलच्या वाट्याला त्या पझेशनमध्ये शून्य. पॉइंट गार्डने चेंडू हातात घेऊन बचाव वाचायला शिकायचं असतं. कोपऱ्यात उभं राहून तो काय वाचणार? रसेलचे त्या वर्षी सामन्याला सरासरी १३.२ गुण आणि फक्त ३.३ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते असे पास). दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या पॉइंट गार्डचे! तो काही पास न देणारा खेळाडू नव्हता. ओहायो स्टेटमध्ये त्याचं नावच पासिंगमुळे झालं होतं.

वानखेडे_नॉर्थ_स्टँड

हे पटलं. आता बाकीचं वाचतो.

अण्णा_शिट्टीवाले

मी उशिरा आलो. बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या पोरांना शिकवलं, त्यामुळे एनबीएच्या पैशांचं सोडा, मी कोर्टवरचं बोलतो.

निवृत्तीला आलेला मोठा खेळाडू संघात असणं वाईट नसतं. तो सरावाला येत नसेल तर मात्र वाईट. कोबेचं शरीर त्या वर्षी इतकं मोडलेलं होतं की तो जवळपास सराव करत नव्हता, सामन्यापुरता उतरायचा. म्हणजे पोरांना त्याचं वाईट तेवढं दिसलं: अवघड शॉट, दोघांच्या अंगावरून मारलेले फेडअवे (मागे झुकत मारलेले शॉट). ते शॉट मारण्याआधी हा माणूस पहाटे जिममध्ये काय करतो, तेच पायकाम शंभरदा कसं करतो, हे चांगलं त्यांना फारसं दिसलंच नाही. त्या शिकवणीसाठी शेजारी घाम गाळावा लागतो.

आमच्याकडे एका संघात असाच एक दादा खेळाडू होता. त्याचा गुडघा गेलेला, पण नाव मोठं. आम्ही ठरवलं की त्याने प्रत्येक हाफची पहिली सहा मिनिटं खेळायची. टाळ्या त्यालाच मिळायच्या, पण सामना संपवायचा पोरांनी. पहिले काही सामने दादा रुसला. मग त्याच्या लक्षात आलं की बेंचवरून ओरडून सांगितलेलं पोरं ऐकतात. त्या मोसमात आमची दोन पोरं तयार झाली. बायरन स्कॉटला हे जमलं असतं असं मी म्हणत नाही. वीस हजार लोकांनी कोबेसाठी पैसे मोजलेत आणि कोबे शेवटच्या चार मिनिटांत बसलाय, हे कोणता कोच करील? दोष कोचचा अर्धाच. उरलेला वरच्यांचा, ज्यांनी त्याला अडीच कोटीला धरून ठेवलं आणि मग काय करायचं ते ठरवलंच नाही.

रसेलबद्दल एक. पोरगाही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मार्चमध्ये सहकाऱ्याचं खासगी बोलणं त्याने फोनवर टिपलं, ते बाहेर फुटलं आणि अख्खा संघ त्याच्यापासून दूर बसू लागला. संघाचं सुकाणू धरणाऱ्याने असं करून भागत नाही.

तिसरा_टाइमआउट

अण्णांना +१. "पहिली सहा मिनिटं" ही आयडिया भारी.

डलासचा_देशपांडे

अण्णा जे सांगताहेत ते मोठ्या पातळीवर होऊ शकतं, आणि ते मी इथे डोळ्यांनी पाहिलंय. २०१८-१९, डर्क नोवित्झकी. एकाच संघाकडून २१ वा हंगाम, म्हणजे निष्ठेच्या बाबतीत कोबेच्याही एक पाऊल पुढे. पगार ५० लाख डॉलर. घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिले २६ सामने खेळलाच नाही, परत आला तो डिसेंबरमध्ये, बेंचवरून. सरासरी ७.३ गुण.

तेवढ्या वेळात १९ वर्षांचा लुका डॉन्चिच संघाचा मालक होऊन बसला होता. डर्कने त्याच्याकडून काही परत मागितलं नाही. संघानेही आदल्याच वर्षी नवव्या क्रमांकावर घेतलेल्या डेनिस स्मिथ ज्युनियरला जानेवारीअखेर न्यूयॉर्कला पाठवून टाकलं, म्हणजे चेंडू कुणाचा याबद्दल कुणाला शंका राहायला नको. ९ एप्रिल २०१९ ला घरचा शेवटचा सामना: डर्कचे ३० आणि लुकाचा ट्रिपल-डबल (गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दोन आकडी), एकाच रात्री. हंगाम ३३-४९, प्लेऑफ नाही, पण पुढे कुठे जायचं ते संघातल्या प्रत्येकाला माहीत होतं. लुका त्या वर्षीचा सर्वोत्तम रुकी.

आणि तरी अखेर काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच लुकाला डलासने लेकर्सला देऊन टाकलं. इथले लोक अजून शिव्या घालतात. तेव्हा वारसा नीट सोपवला म्हणजे तो टिकतोच, असं काही नाही.

नागपूरचा_सिक्स्थ_मॅन

हेच तर मी म्हणतोय! सॅन अँटोनियो घ्या. टिम डंकन: १९ वर्षं, ५ अजिंक्यपदं, शेवटचा हंगाम ६७-१५, आणि जुलै २०१६ मध्ये संघाने पत्रक काढून कळवलं की ते निवृत्त झाले. ना दौरा, ना सत्कार. कवाय लेनर्ड तोवर पूर्ण तयार. पुस्तकात छापावं असं हस्तांतर. आणि दोन वर्षांत कवाय टोरांटोला. लेकर्सनी सगळं चुकीचं केलं, आणि २०२० मध्ये विजेते तेच.

डबल_ड्रिबल

विजेते झाले ते कशाच्या जोरावर? लेब्रॉन आपणहून आला, आणि अँथनी डेव्हिससाठी इन्ग्रम, लोन्झो बॉल आणि जॉश हार्ट न्यू ऑर्लिन्सला दिले. घडवलेली पोरं कोर्टवर कामी आली नाहीत, बाजारात आली. हा मार्ग लॉस एंजेलिसलाच परवडतो, कारण मोठे खेळाडू तिथे स्वतःच्या पायांनी येतात. नागपूरकर, तुमचं गणित सॅक्रामेंटो किंवा शार्लटला लावून बघा बरं.

त्या पोरांचं पुढे काय झालं बघा. रसेलला २०१७ मध्ये ब्रुकलिनला पाठवलं, मोझगोव्हचा भला मोठा करार गळ्यातून काढायला. २०१९ मध्ये तो ऑल-स्टार. रँडलला २०१८ मध्ये फुकट जाऊ दिलं. २०२१ मध्ये न्यूयॉर्ककडून ऑल-स्टार आणि सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कार. इन्ग्रमला तोच पुरस्कार २०२० मध्ये, न्यू ऑर्लिन्सकडून. क्लार्कसन २०२१ चा सर्वोत्तम सिक्स्थ मॅन, म्हणजे बेंचवरून येणारा खेळाडू (नागपूरकरांच्या आयडीला शोभेल असा). म्हणजे निवड करणाऱ्यांची नजर चोख होती. कुणीच टाकाऊ निघाला नाही, आणि एकही लेकर्सच्या जर्सीत फुलला नाही.

सॅन_होजेची_सई

क्लार्कसनवरून आठवलं. त्या ६० गुणांच्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत कोबेने लांब पास फेकला, क्लार्कसनने डंक मारला, आणि कोबेचा कारकिर्दीतला शेवटचा असिस्ट लागला तो त्याच्या नावावर. यूटाविरुद्ध. आणि तो सिक्स्थ मॅन पुरस्कार क्लार्कसनला मिळाला तो यूटाकडूनच! सॉल्ट लेकच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

अण्णा_शिट्टीवाले

योगायोगच काढायचे तर जुना घ्या. लेकर्सनी निरोपाचा दौरा पहिल्यांदा कोबेसाठी केला नव्हता. १९८८-८९ मध्ये करीम अब्दुल-जब्बारचाही झाला, गावोगावी भेटवस्तू घेत. पण तो संघ मॅजिकचा होता, चेंडूही मॅजिकचाच. करीम ४२ चा, त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं. संघ अंतिम फेरीत गेला, डेट्रॉइटकडून ०-४ हरला. त्या संघात बायरन स्कॉटही होता, फायनलच्या तोंडावर मांडीचा स्नायू दुखावून बाहेर बसलेला. करीम गेल्यावर ड्राफ्टमधून व्लादे दिवात्झ आला, आणि १९९६ मध्ये त्याच दिवात्झला देऊन शार्लटकडून कोबे मिळवला.

म्हणजे स्कॉटने करीमचा निरोप खेळाडू म्हणून पाहिला, कोबेचं पहिलं वर्ष सहकारी म्हणून आणि शेवटचं कोच म्हणून. मोठ्या खेळाडूला कसं वापरावं हे त्याच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. म्हणून मला त्याचा जास्त राग येतो. करीमच्या वेळचं गणित त्याला पाठ होतं.

तिसरा_टाइमआउट

एप्रिल २०१६ मध्ये स्कॉटलाही घरी पाठवलं. म्हणजे त्याचाही निरोपाचा हंगाम, फक्त रॉकिंग चेअर कुणी दिली नाही.

हिरवा_शॅमरॉक

सेल्टिक्सभक्त असल्याने गप्प होतो. पण अण्णांनी "शेजारी घाम गाळावा लागतो" म्हटलं ते वाचून राहवलं नाही. निवृत्तीनंतर, शरीर मोकळं झाल्यावर, कोबेने खरंच शिकवलं. २०१८ च्या उन्हाळ्यात कुणाबरोबर सराव केला? जेसन टेटम, बॉस्टन. लेकर्सच्या पोरांना जे मिळालं नाही ते आमच्या पोराला मिळालं. धन्यवाद.

नागपूरचा_सिक्स्थ_मॅन

आणि पुढचा अख्खा हंगाम तुमचं पोरगं लांबून दोन गुणांचे अवघड शॉट मारत बसलं, तेव्हा तुम्हीच कोबेच्या नावाने बोटं मोडत होता. आठवतंय.

हिरवा_शॅमरॉक

२०२४ चं अजिंक्यपद आठवतंय का?

डबल_ड्रिबल

सेल्टिक्स-लेकर्स इथे सुरू करू नका, हात जोडतो. देशपांडे, लुकाच्या ट्रेडवर तुम्ही वेगळा धागा काढा, डलासमधलं वातावरण आतून वाचायला आवडेल. आणि अण्णा, तुमच्या त्या दादा खेळाडूचं पुढे काय झालं ते राहिलंच.

अण्णा_शिट्टीवाले

मुलींचा संघ शिकवतो. अजून शिट्टी माझ्यापेक्षा जोरात मारतो.